टोळ भीक का मागेल?

टोळ आणि मुंग्यांची गोष्ट ठाऊक नसलेले घर सापडणे कठीण. उन्हाळाभर गात हिंडलेला टोळ थंडीत मुंग्यांच्या दारी येऊन चार दाणे मागतो, आणि मुंग्या त्याला दोन शब्द सुनावून दार लावून घेतात. इसापाच्या नावावर चालत आलेली ही कथा आपणही मुलांना सांगतो, 'म्हणून वेळच्या वेळी अभ्यास करावा' असे तात्पर्य तिला चिकटवतो आणि दिवा मालवतो.

१९९४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या पिक्सार या चित्रसंस्थेतील अँड्र्यू स्टँटन आणि जो रॅन्फ्ट या दोन कथाकारांनी जेवता जेवता या गोष्टीला एक अडचणीचा प्रश्न विचारला. टोळ मुंगीपेक्षा कितीतरी मोठा. मग तो भीक का मागेल? सरळ हिसकावूनच घेणार नाही का?

आपल्या वर्गात एखाद्या मुलाने हे विचारले असते तर 'ते धड्यात नाही, खाली बैस' असे उत्तर त्याला मिळण्याचाच संभव अधिक. तिकडे मात्र या प्रश्नातून 'अ बग्ज लाइफ' हा संगणकावर तयार केलेला चित्रपट निघाला. दिग्दर्शक जॉन लॅसेटर, सहदिग्दर्शक स्वतः स्टँटन. नोव्हेंबर १९९८ मध्ये तो अमेरिकेत पडद्यावर आला. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन तो जरूर पाहावा. पण पाहताना तो घडला कसा, हेही ध्यानात असू द्यावे.

याच संस्थेचा १९९५ चा 'टॉय स्टोरी' खेळण्यांचा होता, आणि त्यात एक सोय होती. त्या काळी संगणकाने काहीही काढले तरी ते प्लॅस्टिकसारखे चकाके. खेळणी तर प्लॅस्टिकचीच! आता मात्र गवत, पाने, माती, पाऊस असा सारा जिवंत पसारा उभा करायचा होता. या मंडळींनी काय करावे? त्यांनी एक चिमुकला कॅमेरा काठीच्या टोकाला बसवला, त्याला इवलीशी चाके लावली आणि तो गवतात फिरवला. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात. यांनी मुंगी होऊन जग पाहिले. वरून हिरवे आणि जाड दिसणारे पान खालून पाहिले, तर उन्हात रंगीत काचेसारखे उजळते. चित्रपटभर जो मऊ हिरवा प्रकाश पाझरतो, तो या वाकून पाहण्याची कमाई आहे. यंत्राला प्रकाशाचे गणित येते. पानाखाली जाऊन बघावे, ही बुद्धी माणसाचीच.

शास्त्राच्या शिक्षकांनी मात्र थोडे सबुरीने घ्यावे. खऱ्या मुंगीला सहा पाय. इथल्या मुंग्या दोन पायांवर चालतात आणि दोन हातांनी हातवारे करतात. पाहणाऱ्याला किळस न येता माया वाटावी, म्हणून त्यांचे जबडेही काढून टाकले. शिवाय वारुळात राबणारा जीव निसर्गात नेहमी मादीच असतो, आणि इथला नायक फ्लिक हा नर. आपल्या भाषेने 'मुंगी' स्त्रीलिंगी ठेवली, तेव्हा निदान या बाबतीत मराठी व्याकरण शास्त्राच्या बाजूचे म्हणायचे!

पण खरी मेहनत पडली ती गर्दीसाठी. कथेतले टोळ वर्षावर्षाला येऊन मुंग्यांकडून धान्य उकळतात. त्यांचा म्होरक्या हॉपर आपल्या सोबत्यांना एकदा मनातले भय बोलून दाखवतो : आपल्या एकेकामागे शंभर मुंग्या आहेत, हे त्यांना उमगले की आपला खेळ संपला. धान्य हे नुसते निमित्त, मान खाली ठेवायला लावणे हा खरा उद्योग. मग पडद्यावर चार-दोन मुंग्या दाखवून कसे भागावे? चारशेंहून अधिक दृश्यांत त्यांचे थवे उभे करावे लागले. एक मुंगी काढून तिच्या हजार प्रती छापणे यंत्राला सोपे. पण एकाच वेळी मान हलवणारे हजार जीव म्हणजे कवायत. म्हणून अंगलट, डोळे आणि हालचाल यांत फरक राखून त्या जमावाला माणसांच्या घोळक्यासारखे निराळे-निराळे चेहरे दिले गेले.

कथेचेही असेच झाले. पहिल्या खर्ड्यात नायक होता कीटकांच्या सर्कशीचा चालक, एक लाल मुंगळा. स्टँटनने त्याला काढून टाकले आणि वारुळातलाच, यंत्रांची खटपट करणारा, सदा बोलणी खाणारा फ्लिक पुढे आणला. फ्लिक शूर योद्धे शोधायला जातो आणि चुकून सर्कशीतले विदूषक घेऊन येतो. बाहेरचे वीर वीर नव्हतेच, हे उघडे पडल्यावर वारुळाला स्वतःकडे पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नायक बदलला नसता तर ही गोष्ट उपकाराची झाली असती. आता ती जाग येण्याची झाली आहे.

शेवटची नामावली सुरू झाली म्हणून मात्र उठू नका. तिच्यात 'चित्रीकरणातल्या फजित्या' आहेत : कुणी संवाद विसरतो, कुणाला हसू आवरत नाही. संगणकातला किडा आपणहून संवाद कसा विसरेल? त्या चुकासुद्धा मंडळींनी एकेक चित्र रचून, कष्टाने घडवल्या आहेत. चूक केल्याशिवाय जीव जिवंत वाटत नाही, हे त्यांना नेमके कळले होते.

तेव्हा यंदा मुलांना टोळ-मुंगीची गोष्ट सांगाल, तेव्हा तात्पर्याची घाई करू नका. एखादे पोर पांघरुणातून डोके काढून विचारील, 'पण आजी, टोळ मोठा ना? मग तो मागतो कशाला?' त्याला गप्प करू नका. गोष्ट तिथेच सुरू होते.