सही जबरीची, कलम कामाचे

वसाहतवादाचा विषय निघाला की आपल्यातला कुणीतरी हमखास म्हणतो, ते करार म्हणजे निव्वळ फसवणूक, त्यात वाचण्यासारखे आहे काय? राग रास्त आहे. पण पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लागोसचा 1861 चा करार ज्यांच्या छातीवर बसला होता, त्यांनी तो वाचला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा वाचला.

आधी जबरदस्ती कशी झाली ते पाहू. डिसेंबर 1851 मध्ये इंग्रज आरमाराने लागोसवर हल्ला करून राजा कोसोकोला हाकलले आणि अकितोयेला गादीवर बसवले. कारण सांगितले गेले ते गुलामांच्या व्यापाराचे. तो व्यापार खोटा नव्हता, हे आपणही मान्य करायला हवे. पण दहा वर्षांनी अकितोयेचा मुलगा दोसुन्मू गादीवर असताना पाम तेलाचा व्यापार वाढला होता आणि लंडनला बंदरच ताब्यात हवे होते. तसा निर्णय तिकडे जून 1861 मध्ये झाला. दोसुन्मूला ‘विचारले’ गेले ते जुलैच्या अखेरीस, ‘प्रोमिथियस’ या युद्धनौकेवर बोलावून. सही केली नाही तर शहरावर तोफा डागू, ही धमकी सोबत होतीच. 6 ऑगस्टला सही झाली. राजा आणि त्याच्या सरदारांनी नावापुढे फुल्या मारल्या. मिशन शाळेच्या मुलांनी राणीचे गाणे म्हटले. अवघ्या दोन दिवसांत दोसुन्मूने राणी व्हिक्टोरियाला तक्रारीचे पत्र धाडले. उपयोग झाला नाही.

आता कागदाकडे या. पहिल्या कलमात बंदर, बेट आणि त्यातले सारे हक्क, नफा, प्रदेश राणीला कायमचे दिले आहेत आणि तेही ‘स्वखुशीने’. तोफेसमोरची स्वखुशी! दुसऱ्या कलमात राजाला ‘राजा’ हे नाव वापरायची मुभा आहे, मात्र आफ्रिकेत त्या शब्दाचा जो अर्थ घेतात त्याच अर्थाने. अपमान किती सभ्य भाषेत करता येतो, याचा हा नमुनाच. तिसरे कलम मात्र थांबून वाचावे. जमिनीच्या हस्तांतराच्या कागदावर दोसुन्मूचा शिक्का असला की त्या जमिनीवर दुसऱ्या कुणा स्थानिकाचा दावा नाही, असे समजायचे. सगळी जमीन खरोखरच राणीची झाली असती, तर या शिक्क्याची गरज काय होती?

1913 मध्ये सरकारने अपापा भागातली जमीन सार्वजनिक कामासाठी घेतली. तिथले पिढीजात प्रमुख होते अमोडू तिजानी, ओलुवा घराण्याचे. अमोडू म्हणजे आपला अहमद. घराण्याच्या जमिनीची पूर्ण भरपाई त्यांनी मागितली. खालच्या न्यायालयांनी सांगितले, तुमचा केवळ देखरेखीचा हक्क आहे, मालकी नाही. ते थांबले नाहीत. 1920 मध्ये ते लंडनला गेले. सोबत होते हर्बर्ट मॅकॉले, बिशप क्राउथर यांचे नातू. मुस्लिम प्रमुख आणि ख्रिस्ती साथीदार, दावा एकच.

1921 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लॉर्ड हाल्डेन यांनी लिहिले की राज्य बदलले म्हणून रयतेचे जमिनीवरचे हक्क बुडत नाहीत. तिथली जमीन कुणा एकट्याची नसून समाजाची, गावाची किंवा कुटुंबाची असते, आणि तो हक्क इंग्रजी मालकीच्या साच्यात कोंबून मोजणे चूक आहे. भरपाई समाजाच्या पूर्ण हक्काची द्यावी लागली.

याच प्रिव्ही कौन्सिलने 1894 मध्ये हिंदुस्थानातल्या एका खटल्यात कुटुंबासाठी केलेला वक्फ अमान्य केला होता. तो हक्क 1913 च्या कायद्याने परत मिळवावा लागला. तेव्हा न्यायालयाला डोक्यावर घेण्याचे कारण नाही. अपापाची जमीन लोकांना परत मिळाली नाही, मिळाले ते पैसे. जमिनीवरची सर्वोच्च सत्ता राजमुकुटाचीच राहिली. दोसुन्मूवरची जबरदस्ती योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्या निकालाने सोडवला नाही.

म्हणून आमचे मत असे. जबरीच्या कागदाला जबरीचा म्हणणे हे पहिले काम, पण तेवढ्यावर तो कागद फेकून देणे हे ज्याने तो लिहिला त्याच्या सोयीचे असते. मॅकॉले आणि ओलुवा यांनी कराराला पवित्र मानले नाही. त्यांनी एवढेच विचारले, की तुमच्याच शब्दांत आमचे काय उरले आहे? आपल्या वस्त्यांमधून पुनर्विकासाच्या संमतिपत्रांवर वडीलधाऱ्यांच्या सह्या घेतल्या जातात, तेव्हा घरातल्या शिकलेल्या मुलामुलींपैकी किती जण तो कागद शेवटच्या पानापर्यंत वाचतात?

लंडनमध्ये मॅकॉले यांच्या हातात लागोसच्या गादीवरच्या एशुगबायी यांचा राजदंड होता. हे एशुगबायी दोसुन्मूचे पुत्र. त्या दंडावरून वाद पेटला, सरकारने त्यांची मान्यता काढली आणि 1925 मध्ये त्यांना हद्दपार केले. तेही कोर्टात गेले. 1931 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बजावले की कायद्याचा आधार न्यायालयात दाखवल्याशिवाय सरकारला कुणाच्या स्वातंत्र्यावर हात टाकता येत नाही. त्याच वर्षी ते लागोसला परतले.