निवडणुकीचे परदेशी अडते

अडतीचे दोन प्रकार आहेत, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. कच्चा अडत्या सौदा जमवून देतो, दलाली घेतो आणि बाजूला होतो. पुढे रक्कम बुडाली तर ती मालधन्याची बुडते. पक्का अडत्या सौद्याची हमी घेतो. रक्कम बुडाली तर स्वतःच्या गाठीची भरतो. म्हणूनच बाजारात त्याच्या शब्दाला वजन असते. गेल्या काही दशकांत जगात एक धंदा फोफावला आहे. एका देशातले निवडणूक-तज्ज्ञ फी घेऊन दुसऱ्या देशातल्या पुढाऱ्याला निवडून येण्याचा सल्ला देतात. आमच्या मते हा सगळा धंदा कच्च्या अडतीवर चालतो, आणि त्यातली बुडीत रक्कम शेवटी मतदाराच्या खात्यावर पडते.

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाचे उदाहरण घ्या. तेथे २००२ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. गोन्सालो सांचेझ दे लोसादा हे एक उमेदवार होते. ते १९९३ ते १९९७ या काळात अध्यक्ष राहून चुकले होते. त्या कारकिर्दीत त्यांनी मोठ्या सरकारी कंपन्यांचे निम्मे भाग परदेशी भांडवलदारांच्या हाती दिले होते, आणि त्याचा राग लोकांच्या मनात होता. त्यांनी अमेरिकेतील ग्रीनबर्ग, कार्व्हिल आणि श्रम यांच्या पेढीला काम दिले. यांपैकी ग्रीनबर्ग आणि कार्व्हिल हे १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांना निवडून आणणाऱ्या चमूतले. या कामाचे चित्रण रेचल बॉयन्टन यांनी २००५ च्या ‘अवर ब्रँड इज क्रायसिस’ या माहितीपटात केले आहे. त्यामुळे एरवी बंद दाराआड चालणारा हा व्यवहार सर्वांना पाहता आला.

सल्लागारांनी काय केले? मतदारांचे लहान लहान गट खोलीत बसवून त्यांची मते ऐकली. माणूस नावडता आहे हे त्यांना कळले. मग त्यांनी देश संकटात आहे, या एकाच गोष्टीवर जोर दिला आणि संकटातून काढणारा अनुभवी माणूस म्हणून आपला उमेदवार पुढे केला. आघाडीवर असलेले मानफ्रेड रेयेस व्हिया यांच्याविषयी लोकांच्या मनात शंका पेरल्या. निकाल लागला तेव्हा सांचेझ दे लोसादा यांना सुमारे साडेबावीस टक्के मते मिळाली. एव्हो मोरालेस आणि रेयेस व्हिया यांना प्रत्येकी जवळजवळ एकवीस टक्के. कोणालाच बहुमत नसल्याने संसदेने त्यांना अध्यक्ष निवडले. सल्लागारांच्या दृष्टीने सौदा पूर्ण झाला.

विरळ विणीच्या कापडाला भरपूर खळ दिली की ते हाताला जाड लागते. पहिल्या धुण्यात खळ उतरते. येथेही तसेच घडले. शंभरांतल्या सत्त्याहत्तर माणसांनी ज्याला मत दिले नव्हते, त्याने फेब्रुवारी २००३ मध्ये पगारावर कर बसवण्याचा बेत काढला आणि रस्त्यावर रक्त सांडले. नंतर देशाचा नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून परदेशी पाठवण्याची योजना पुढे आली. एकोणिसाव्या शतकातील युद्धात ज्या चिलीने बोलिव्हियाचा समुद्रकिनारा घेतला, त्याच्याच बंदरातून! लोकांनी रस्ते अडवले, सरकारने लष्कर उतरवले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. १७ ऑक्टोबर २००३ रोजी अध्यक्ष राजीनामा देऊन अमेरिकेला निघून गेले.

गोळीबाराचा हुकूम सल्लागारांनी दिला, असे आम्ही म्हणत नाही. तो दोष माजी अध्यक्षांचा आणि त्यांच्या संरक्षणमंत्र्यांचा. आठ मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेच्या न्यायालयात त्या दोघांवर दावा लावला. २०१८ मध्ये ज्यूरीने एक कोटी डॉलरची भरपाई ठरवली, न्यायाधीशांनी तो निर्णय फिरवला, वरच्या न्यायालयाने दावा पुन्हा उभा केला आणि २०२३ मध्ये भरपाईवर तडजोड झाली. गरीब माणसांना हिशेब मागायला वीस वर्षे लागली. मात्र त्या हिशेबात सल्ला विकणाऱ्यांचे नाव कोठेच आले नाही.

सल्लागारांच्या बाजूनेही बोलता येते. ते म्हणतील की, आम्ही पुढाऱ्याला जनतेचे ऐकायला शिकवतो. पण कशासाठी ऐकायचे, हा खरा सवाल आहे. काय बोलले म्हणजे मत मिळेल, हे त्यांनी बारकाईने ऐकले. निवडून आल्यावर लोक काय सोसतील आणि काय सोसणार नाहीत, हे ऐकण्याची फी कोणी दिली नव्हती.

परदेशी सरकारांसाठी आपल्या देशात काम करणाऱ्यांनी नाव नोंदवावे, असा कायदा अमेरिकेत १९३८ पासून आहे. युक्रेनच्या यानुकोविच यांचे सल्लागार पॉल मॅनाफोर्ट यांनी अशी नोंद न केल्याचा गुन्हा २०१८ मध्ये कबूल केला. पण तो कायदा अमेरिकेत केलेल्या कामापुरता आहे. ला पाझमध्ये बसून दिलेल्या सल्ल्याची नोंद ज्याच्या मतावर सौदा होतो, त्या मतदाराला कोण दाखवणार? आमचे म्हणणे असे की, प्रत्येक देशाने आपल्या उमेदवाराकडून सल्लागाराचे नाव, त्याची फी आणि ती भरणाऱ्याचे नाव मतदानाआधी जाहीर करून घ्यावे.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतला माल ओला लागला. पावसाने भिजला, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे स्पष्ट केले. मालातला ऐब गिऱ्हाइकाला दाखवणे ही व्यापाऱ्यावरची अमानत आहे. एका साडीच्या सौद्यात आपण ती पाळायची आणि एका देशाच्या सौद्यात कोणी पाळायची नाही, हा कुठला इन्साफ?