'मिरज' लिहायला चार आकडे

एक्सेलच्या रकान्यात 'मिरज' लिहिले तर नीट उमटते. त्याच एक्सेलमध्ये आल्ट आणि एफ-११ दाबून मॅक्रो लिहायची खिडकी उघडा आणि तिथे 'मिरज' लिहून पाहा. चार प्रश्नचिन्हे दिसतील. एक म चे, एक इकाराचे, एक र चे, एक ज चे. तरीही त्या खिडकीतून हे गाव संगणकाला सांगायचेच असेल, तर २३५०, २३६७, २३५२ आणि २३३२ असे चार आकडे एकापुढे एक जोडावे लागतात. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याचे, सतारमेकरांचे मिरज, आणि त्याचे हे असे चार आकडे.

हा दोष मराठीचा नाही, आणि आज संगणकाचाही नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. अडते ते प्रोग्रॅम बनवायच्या साधनांसोबत फुकट मिळणाऱ्या, मजकूर लिहायच्या तयार चौकटीत. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चे साधन घ्या. त्याच्या पोटात मजकूर युनिकोडमध्येच साठवलेला असतो. पण पडद्यावरची टेक्स्टबॉक्स तो दाखवण्याआधी २५६ जागांच्या जुन्या तक्त्यात बसवायला जाते, आणि त्यात न बसणाऱ्या प्रत्येक खुणेचे प्रश्नचिन्ह करते. म्हणजे घरात धान्य आहे, पण दारावरचे माप जुने. व्हिज्युअल बेसिक ६ मधले प्रोग्रॅम आजही विंडोजवर चालतात. त्यामुळे चालू असलेले कोणी बदलत नाही.

यातली गंमत मला फार बोचते. या जुन्या तक्त्यांपैकी १२५६ क्रमांकाचा तक्ता अरबीसाठी आहे आणि त्यात उर्दूची बरीच खास अक्षरेही बसवलेली आहेत. विंडोजची मांडणी बदलली की त्याच जुन्या चौकटीत उर्दू बऱ्यापैकी निभावून जाते. देवनागरीला मात्र तसा तक्ता मिळालाच नाही, ती आली ती थेट युनिकोडमध्ये. म्हणजे सांगलीच्या एखाद्या जमातीने वर्गणीची नोंद ठेवायला जुना प्रोग्रॅम घेतला, तर तो त्यांना उर्दू देईल, मराठी देणार नाही. मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरण भाषणांतून आणि वर्तमानपत्रांतून आपण पुष्कळ ऐकले. तांत्रिक कारणाने का होईना, ते एका चौकटीतही जाऊन बसावे याला काय म्हणायचे!

आणि उर्दूत लिहून तरी काय होणार? तांबोळी, मुलाणी, शिकलगार, मुजावर, बागवान, नदाफ ही आपल्या सातारा-सांगलीची आडनावे. तांबोळीतला ळ आणि मुलाणीतला ण यांना रूढ उर्दू लिपीत स्वतःचे अक्षरच नाही. लाम आणि नूनवर भागवावे लागते. इंग्रजीतही तेच, एल आणि एन. ही नावे जशी बोलली जातात तशी पूर्ण लिहायची सोय देवनागरीत आहे, आणि नेमकी तीच गाळली जाते.

प्रोग्रॅम करून देणारा मुलगा बहुधा आपल्याच ओळखीतला असतो. त्याचे उत्तर ठरलेले असते: "चाचा, इंग्लिशमध्येच ठेवू ना." मी त्याला दोष देत नाही. कित्येक कॉलेजांत प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे टर्बो सी च्या निळ्या पडद्यावर दिले गेले, आणि तिथे मराठी अक्षराला जागाच नव्हती. मराठी चालत नाही ही गोष्ट तो मुलगा नियम म्हणून शिकला, अडचण म्हणून नाही. पण इंग्रजीत नाव टाकले की आतारचे स्पेलिंग एकजण एका ए ने करतो, दुसरा दोन ए ने, तिसरा दोन टी घालतो. निकाहच्या नोंदीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. कागदावरच्या एका अक्षराची धास्ती काय असते हे आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

नवी साधने बरीच सुधारली आहेत, तरी खाचा आहेतच. काही ठिकाणी रकान्याची लांबी अक्षरांत नव्हे तर बाइटमध्ये मोजतात. नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते. 'तांबोळी'त खुणा सात, म्हणजे २१ बाइट. रकाना २० बाइटांचा असेल तर शेवटची वेलांटी गळून माणसाचा 'तांबोळ' होतो. कुठे 'फक्त अक्षरे चालतील' अशी तपासणी असते आणि ती काना-मात्रेला अक्षर मानत नाही, मग 'मुजावर' चुकीचे ठरते.

खरी परीक्षा मात्र एका ओळीत दोन लिप्या आल्या की होते. निकाहाच्या पत्रिकेत मजकूर मराठी आणि वर बिस्मिल्लाह अरबीत, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. साध्या टेक्स्टबॉक्सला डावीकडून की उजवीकडून एवढेच कळते, तेही सगळ्या चौकटीला मिळून एकदाच. मराठी वाक्यात मधेच उर्दू शब्द आला की कर्सर उडी मारतो, कंस उलटतो, पूर्णविराम भलत्या टोकाला जाऊन बसतो. डीटीपीवाले यावर वर्षानुवर्षे एकच उपाय करतात: अरबी मजकुराचे चित्र चिकटवायचे. पत्रिकेला ते चालते. नोंदवहीला चालत नाही, कारण चित्रात शोधता येत नाही.

काही हुशार मुले यावर स्वतःची चौकट बनवायला बसतात. तो नाद करू नये असे माझे मत आहे. जोडाक्षर जुळवणे, वेलांटी आधी दाखवणे, कर्सर अक्षराच्या मधोमध न थांबवणे ही पिढ्यान्पिढ्यांची कामे आहेत. मोठ्या कंपन्यांच्या गेम बनवायच्या साधनांतही देवनागरीची जोडाक्षरे वर्षानुवर्षे तुटलेलीच दिसत. त्यापेक्षा ब्राउझरची चौकट वापरावी. ती दोन्ही लिप्या पुष्कळ चांगल्या सांभाळते, आणि प्रत्येक परिच्छेदाची दिशा मजकुरावरून ठरवायची सोय तिच्यात आहे. एक्सेलच सोडायचे नसेल तर मराठी शब्द मॅक्रोत लिहू नयेत. एका पानावरच्या रकान्यांत ठेवावेत आणि मॅक्रोने ते तिथून उचलावेत. मग आकडे जोडायची गरजच उरत नाही.

आणि जमातीच्या कमिटीने किंवा मार्केट यार्डातल्या बागवानाने पैसे देण्याआधी समोर बसून चार गोष्टी टंकून पाहाव्यात. तांबोळी. मुलाणी. 'दर्ग्याच्या' हा शब्द, जोडाक्षरासाठी. आणि एका मराठी वाक्याच्या मधोमध उर्दूत लिहिलेले मुहम्मद, पुढे कंसात वर्ष. मग जतन करायचे, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायचा, आणि 'तांबोळी' शोधून सापडतो का ते पाहायचे. पाच मिनिटांचे काम आहे. एवढे झाल्यावर मग रकमेचे बोलावे.