कर्सर नेमका उभा कुठे आहे?

परवा दादरला एका जुन्या लेखाची टंकलिखित प्रत तपासताना आम्ही एकाच शब्दापाशी अडलो. मुळात ‘स्त्रिया’ होते, टंकलेखनात ‘स्त्रीया’ झाले होते. दीर्घ वेलांटी काढून ऱ्हस्व द्यायची, एवढेच काम. कर्सर ‘स्त्री’च्या उजव्या कडेला नेऊन बॅकस्पेस दाबली, तर समोर ‘स्तरीया’ उमटले! कर्सर दिसत होता अक्षराच्या शेवटी, पण होता मात्र अक्षराच्या पोटात.

हे असे का व्हावे? ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडमध्ये ते सहा चिन्हांनी साठवले जाते: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. सदोष एडिटर या प्रत्येक चिन्हाची रुंदी सुटी मोजतो आणि बेरजेवरून कर्सर रेखाटतो. जोडाक्षर मात्र पडद्यावर त्याहून कमी जागेत बसते. साहजिकच कर्सर अक्षराच्या पुढे धावतो, आणि ओळ जितकी जोडाक्षरांनी गजबजलेली तितका अधिक. (‘परळ’ लिहिणाऱ्याला ही व्यथा कळायची नाही, तिथे तीन अक्षरे आणि तीनच चिन्हे.) उपाय ठाऊक आहे: ओळ जोडाक्षरांसह जशी रेखाटली जाते तशी मोजावी, आणि कर्सरला अक्षराच्या कडेलाच थांबू द्यावे.

तरीही दोष देवनागरीच्या ‘क्लिष्टते’वर ढकलला जातो. हे आम्हांला मान्य नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. पुढे गिरगाव-काळबादेवीच्या छापखान्यांत जुळाऱ्यांनी याच लिपीचे खिळे पिढ्यान्‌पिढ्या जुळवले. ऱ्हस्व वेलांटी ते व्यंजनाआधी बसवीत, युनिकोड ती व्यंजनानंतर साठवते; एक डोळ्यांचा क्रम, दुसरा उच्चाराचा. दोन्ही सयुक्तिक आहेत. पण अक्षर कुठे संपते याविषयी जुळाऱ्याच्या मनात संदेह नसे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. तिच्या अक्षरविभागणीच्या सर्वसाधारण नियमांत ‘क्ष’ला एकसंध मानणारा नियम आला २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. मधल्या काळात ‘क्’ आणि ‘ष’ हे दोन तुकडे धरले जात. बत्तीस वर्षे!

एका बाबतीत मात्र आम्ही या एकसंधतेच्या विरुद्ध आहोत. कर्सरने अक्षराअक्षराने चालावे, पण बॅकस्पेसने अख्खे अक्षर गिळू नये. मराठी लिहिणाऱ्याची चूक बहुधा वेलांटी-उकारात असते. तेवढ्यासाठी ‘स्त्री’ पुन्हा पहिल्यापासून जुळवायला लावणे हा जुलूम आहे. शिवाय विद्यार्थी अशा वेळी काय करतो, हे शिक्षकांना सांगायला नको: तो चूक तशीच राहू देतो.

त्या दिवशी आम्ही अखेर सबंध शब्द खोडला आणि ‘स्त्रिया’ नव्याने लिहिले. पुढच्याच ओळीत ‘राष्ट्रीयत्व’ होते.