तपकिरी ठिपके

गेल्या पावसाळ्यात अक्काच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासणीला गेला आणि आम्हां घरच्यांचा जीव टांगणीला लागला. डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून काच दाखवली. पेशींची केंद्रके तपकिरी दिसत होती. इस्ट्रोजेनचे ग्राहक-प्रथिन तिथे बसून जनुके चालू-बंद करते. प्रतिपिंड नेमके त्यालाच चिकटते, मग रंग उमटतो. १०० पैकी १ केंद्रक रंगले, तरी टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा विचार होतो.

"पण प्रतिपिंडच चुकले तर?"

"म्हणून निकाल ठाऊक असलेला तुकडाही सोबत रंगवतो. तो चुकला, तर सारेच रद्द."

वीस वर्षे मी पेपर तपासतो आहे. तपासणाराचीही आधी परीक्षा घ्यावी, हे कधी सुचले नव्हते!

अक्काची गोळी चालू आहे. यंदाच्या चकल्या तिनेच तळल्या.