जुगाड म्हणू नका, मोजून केलेलं काम म्हणा

जुन्या बेळगावच्या आठवणी निघाल्या, की कुणीतरी हमखास लिहितं, "आपले मिस्त्री म्हणजे जुगाडाचे बादशहा! या गाडीचं बेअरिंग त्या गाडीला ठोकून बसवायचे." खाली पन्नास जण हसतात. कौतुकानेच लिहिता, मान्य. पण मला तो शब्द खटकतो, कारण तसलंच एक वाक्य मी स्वतः एकदा फाइलवर लिहिलंय.

१९८५ सालची गोष्ट. मी बी.कॉम. झालेला माणूस, बँकेत कर्जाच्या टेबलावर. खानापूर रोडच्या एका मिस्त्रींचा अर्ज आला. क्रँक ग्राइंडिंगचं जुनं मशीन घ्यायचं होतं. मी शेरा मारला, 'कामाचे स्वरूप तात्पुरत्या डागडुजीचे. शिफारस करता येत नाही.' त्यांचं गॅरेज बघायलासुद्धा गेलो नाही.

पुढच्याच वर्षी आमच्या मामांच्या स्टँडर्ड हेराल्डने दगा दिला. मद्रासला बनायची ही गाडी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद झाली आणि पार्ट मिळेनासे झाले. मेन बेअरिंग वाजायला लागलं, तेव्हा एका गॅरेजवाल्याने झिजलेल्या शेलखाली सिगरेटच्या पाकिटातली चांदी घालून दिली. आंबोली घाटात ऑइलचा लाल दिवा लागला, आणि मामा गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम. याला म्हणायचं तर जुगाड म्हणा.

टोचन करून गाडी आणली, ती नेमकी त्याच मिस्त्रींकडे. मला ओळखून ते एक शब्द बोलले नाहीत. क्रँक आधीच तीस थाऊपर्यंत घासून झालेला होता. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्यापुढच्या मापाचे हेराल्डचे शेल बाजारात नव्हते. मिस्त्रींनी वही काढली. तिच्यात कितीतरी गाड्यांच्या शेलची मापं पेन्सिलीने लिहिलेली. बाहेरचा व्यास ब्लॉकला जुळणारा आणि आतून लहान, असा दुसऱ्या गाडीचा शेल त्यांनी त्यातून शोधला.

मी म्हटलं, "बसतंय ना? मग झालं."

"बसतंय म्हणून बसवायचं नसतंय ओ साहेब. मोजून बसवायचं असतंय."

मग काय काय केलं ते ऐका. क्रँक त्या शेलच्या मापाला घासून घेतला, पण कडेची गोलाई राखून. तिथे कोपरा राहिला तर क्रँक तिथूनच तुटतो. शेल रुंदीला जास्त होता, तो लेथवर कमी केला, नाहीतर त्या गोलाईवर चढला असता. ऑइलचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आणलं. शेल आपल्या जागी किंचित वर उभा राहतो ना, ते बघितलं. कॅप आवळल्यावर त्या दाबानेच तो धरून राहतो. आणि शेवटी फट. दोन इंची जर्नलला साधारण दोन थाऊ, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. तेवढ्यातच तेलाचा थर राहतो आणि क्रँक त्या तेलावर फिरतो. फट कमी पडली तर जाम, जास्त झाली तर प्रेशर गेलं. एकदा जास्त भरली म्हणून त्यांनी सगळं परत उघडलं. एकवीस दिवस लागले. मामांनी ती गाडी पुढे १९९७ पर्यंत चालवली.

आता कुणी म्हणेल, शब्दावरून एवढं काय? फरक पडतो, मंडळी. ज्याला आपण जुगाड म्हणतो, त्याला मजुरी देताना घासाघीस करतो. त्याच्या पोराला 'हे सोड, नोकरी बघ' म्हणतो. आणि माझ्यासारखा साहेब त्याचं कर्ज नाकारतो. मिस्त्रींनी ते मशीन नंतर सोसायटीकडून जास्त व्याजाने पैसे काढून घेतलं. ते जादा व्याज माझ्या शेऱ्याचं होतं. त्यांची माफी मागायला मी गेलो नाही. बदली झाली, हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला देत आलो.

दुसऱ्या गाडीचं बेअरिंग घालणं सगळीकडे बरोबर, असं माझं म्हणणं नाही. कडक धातूचा शेल मऊ क्रँकवर घातला तर क्रँकच खाल्ला जातो. कंपनीचा पार्ट मिळत असेल तर तोच घालावा. पण मिळत नव्हता तेव्हा ज्यांनी मोजून मार्ग काढला, त्यांना चांदी घालणाऱ्याच्या रांगेत बसवू नका.

आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील, काका उद्यमबागेत किंवा गल्लीतल्या गॅरेजात हेच काम करत होते. घरात त्यांची मापांची वही असेल, मायक्रोमीटर असेल, तर रद्दीत आणि भंगारात घालू नका. वहीच्या एखाद्या पानाचा फोटो इथे टाका. बघू तरी, त्याला जुगाड म्हणायला कुणाची जीभ धजते.