‘सोलापुरी’ या शब्दाची किंमत

पंढरपूरची वारी किंवा तुळजापूरची यात्रा आटोपून घरी परतणाऱ्या माणसाच्या सामानात एके काळी एक जाडजूड चादर हमखास असे. सोलापुरास कोणी निघाला की शेजारीपाजारी पैसे देऊन ती मागवीत. मुलीच्या रुखवतात, वसतिगृहास निघालेल्या विद्यार्थ्याच्या वळकटीत, बदली झालेल्या कारकुनाच्या बिऱ्हाडात ती वर्षानुवर्षे टिकून राहिली. आज हे नाव कोणत्याही शहराच्या पदपथावर हाकारून विकले जाते. पानिपतच्या वेगवान यंत्रांवर निघालेला स्वस्त माल ‘सोलापुरी’ म्हणून बाजारात खपविला जातो, अशी येथील कारखानदारांची जुनी तक्रार आहे.

ही तक्रार रास्त आहे, परंतु ती पुरी नाही. पानिपत हेही विणकरांचेच गाव आहे. 1947 च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी तेथील माग भरभराटीस आणले. त्यांनी चादर विणली म्हणून कोणी बोट दाखविण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो दुसऱ्याच्या नावावर ती विकण्यास. आणि हा आक्षेप घेताना ‘सोलापुरी’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर सोलापूरकरांपाशी तयार असावयास हवे. ते आहे काय?

कायद्याकडे पाहावे तर भौगोलिक निर्देशनाचा अधिनियम 1999 साली संमत झाला आणि 2003 साली अंमलात आला. त्याखाली सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल यांची नोंद 2005-06 मध्ये झाली. अशी नोंद मिळविणाऱ्या महाराष्ट्रातील अगदी पहिल्या वस्तूंत त्यांची गणना होते. नावाचा खोटा वापर करणाऱ्यास कारावासाचीही तरतूद या अधिनियमात आहे. परंतु चेन्नईच्या नोंदणी कार्यालयातील कागद काही पदपथावरील गठ्ठा उलगडून पाहावयास येत नाही. शिवाय उत्पादन, प्रक्रिया वा सिद्धता यांपैकी एखादी क्रिया त्या प्रदेशात झाली तरी कारखान्यातील वस्तूच्या बाबतीत कायद्याच्या व्याख्येस ते पुरते. व्याख्या इतकी सैल असता अस्सलपणाचा सारा भार तिच्यावर टाकून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे.

याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीस 2016 साली अशीच मान्यता मिळाली. तेथे प्रश्न सोपा आहे. ज्वारीचा गुण त्या काळ्या, खोल जमिनीत आहे आणि जमीन कोणास उचलून नेता येत नाही. चादरीचे तसे नाही. तिला विणणारे पद्मशाली विणकर तेलंगणातून आले, पूर्व भागात वसले आणि घरी तेलुगू व बाजारात मराठी बोलू लागले. नारळी पौर्णिमेस निघणारा मार्कंडेय महामुनींचा रथ आज साऱ्या शहराचा झाला आहे. चादरीवरील नक्षी ज्या जेकार्डमुळे उमटते, ती युक्ती मूळची फ्रान्सची. 1877 साली ‘जुनी गिरणी’ उभी राहिली, तिच्या मागोमाग इतर आल्या आणि एकेक करून बंदही पडल्या. माग मात्र राहिले. म्हणजे सोलापुरी चादरीतील ‘सोलापूर’ हे मातीत सापडावयाचे नाही. बाहेरून आलेल्या हातांनी, बाहेरून आलेल्या यंत्रावर, पिढ्यान्पिढ्या एकाच ठिकाणी बसून जे कसब कमावले, त्याचे ते नाव आहे. कसब थांबले की नाव पोकळ होते, मग चादर अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यात का विणलेली असेना.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. सोलापुरी चादर हातमागाची असते, अशी परगावच्या ग्राहकाची भाबडी समजूत आहे. वस्तुतः ती फार काळापासून मुख्यत्वे यंत्रमागावर निघते. यात लाजण्यासारखे काहीच नाही. परंतु ही समजूत विक्रीस सोयीची म्हणून तशीच राहू दिली, तर पानिपतच्या मालाविरुद्धचा आपला युक्तिवाद तेवढा दुबळा होतो. तसेच सोलापुरातील एखादा व्यापारी परगावचा स्वस्त माल आणून आपल्या गावाच्या शिक्क्याने विकील, तर त्याचा अपराध परक्याहून मोठा मानावयास हवा. (शेंगदाण्याच्या चटणीचीही हीच गत व्हावयाची. ‘सोलापूरची प्रसिद्ध’ असे छापावयास तिखट लागत नाही.)

या साऱ्यात मोडतो तो मागावरचा कामगार. नक्कल स्वस्त मिळते म्हणून अस्सल वस्तूचा भाव उतरवावा लागतो. मग सूत हलके होते, वजन घटते, आणि अखेरीस मजुरीला कात्री लागते. ज्या घरात पुरुष मागावर आणि स्त्री विड्यांच्या सुपापुढे बसते, तेथे ही कात्री थेट चुलीपर्यंत पोचते. हलक्या सुताची ती चादर मग दोन धुण्यांत विरते आणि ग्राहक म्हणतो, ‘सोलापुरीत आता दम राहिला नाही.’ नकली मालाने जेवढी बदनामी होत नाही, तेवढी अस्सल नावाच्या अशा चादरीने होते.

मर्यादित पगाराच्या शिक्षकाने वा कारकुनाने स्वस्त चादर घेतली, तर त्यास दोष कोणत्या तोंडाने द्यावा? पूर्वीचा ग्राहक चादर हातावर तोलून वजन अजमावी, उलटी करून नक्षी विणीतली आहे की छापाची ते पाही, आणि रंग सुटतो का हे दुकानदारास खडसावून विचारी. आज ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद असते. रेशमासाठी 2004 साली सिल्क मार्क आला, हातमागासाठी 2006 साली हातमाग चिन्ह आले. दुकानात उभ्या असलेल्या माणसास डोळ्यांनी पाहता येईल अशी ती खूण आहे. चादरीच्या काठावरही सूत शुद्ध कापसाचे की मिश्र, वजन किती, माग कोणता आणि कारखाना कोठला, एवढ्या चार गोष्टी लिहिलेली पट्टी शिवण्यास फार खर्च येणार नाही. तिची भाषा मराठी असावी, अक्षर मोठे असावे, आणि वजनाचा आकडा खोटा निघाल्यास चादर परत घेण्याचे आश्वासन त्याच पट्टीवर छापलेले असावे. कारखानदारांच्या संघटनांनी याची सुरुवात सोलापुरातील दुकानांपासूनच करावी.